तुमची वेबसाइट माउसशिवाय चालते का?

नमस्कार. दादरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही वेबसाइट बनवतो. बहुतेक ग्राहक दुकानदार, डॉक्टर, क्लासवाले, मंगल कार्यालयवाले. आमच्या कोटेशनमध्ये 'मानकांनुसार कोडिंग आणि सुलभता तपासणी' अशी एक ओळ असते. (सुलभता म्हणजे ज्याला दिसत नाही किंवा माउस धरता येत नाही, त्यालाही वेबसाइट वापरता येणं.) ती ओळ बघून हमखास प्रश्न येतो, "ही काढली तर किती कमी होतील?" ही ओळ आम्ही काढत नाही. का, ते सांगायला हे पत्रक.

आधी एक करून बघा. कॉम्प्युटरवर तुमची वेबसाइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि नुसती टॅबची कळ दाबत राहा. दर वेळी एक चौकट एका लिंकवरून दुसरीवर सरकताना दिसली पाहिजे आणि एंटर मारल्यावर ती लिंक उघडली पाहिजे. 'अपॉइंटमेंट घ्या'वर चौकट थांबलीच नाही, तर ते बटण नव्हे, बटणासारखा रंगवलेला चौकोन आहे.

ही चूक आमच्याही हातून झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट आम्ही केली होती. लॅबच्या एका दृष्टिहीन पेशंटने फोन करून सांगितलं, "नाव भरलं, तारीख भरली, पण पुढे बटणच सापडत नाही." पडद्यावर तर चांगलं ठळक केशरी बटण होतं. पण पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर रंग बघत नाही, कोड वाचतो, आणि कोडमध्ये आम्ही 'हे बटण आहे' असं सांगणाऱ्या खुणेच्या, म्हणजे 'बटण' टॅगच्या जागी 'डिव्ह' हा नुसत्या चौकटीचा टॅग टाकला होता. एक टॅग बदलला, दोन ओळी सुधारल्या, काम झालं. पण तोवर किती जण तिथूनच मागे फिरले असतील, ते आम्हाला कधीच कळणार नाही. याची रुखरुख अजून आहे.

लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा जिथे येतो, तिथे बीप-बीप वाजत असतं. त्या आवाजाच्या रोखाने माणूस थेट डब्यापाशी पोचतो. वेबपेजवर ते काम मथळे करतात. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस 'एच' दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. पण अक्षरं नुसती मोठी आणि जाड केली, मथळ्याचा टॅग लावला नाही, तर त्याला अख्खा फलाट चाचपडत चालावा लागतो.

हे नियम आमच्या मनचे नाहीत. 1994 साली स्थापन झालेली डब्ल्यू3सी ही संस्था वेबची मानकं ठरवते. सुलभतेचे तिचे पहिले नियम 1999 चे. सध्याची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. तिच्यातली 'डबल ए' ही मधली पातळी आम्ही धरून चालतो. उदाहरणार्थ, साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, किमान 4.5 ला 1 हवा. पांढऱ्यावर फिका करडा मजकूर डिझायनरांना फार आवडतो, पण त्याचा कॉन्ट्रास्ट बरेचदा 3 च्याही खाली जातो. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना तो दिसत नाही आणि भर उन्हात बसस्टॉपवर फोन बघणाऱ्या तुम्हालाही.

मराठी वेबसाइटची दुखणी आणखी वेगळी. दरपत्रक, वेळापत्रक, सणाची सूचना, सगळं चित्र करून चिकटवलेलं असतं. स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही मिळत नाही, गूगललाही ते नीट सापडेलच असं नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत; ती नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते आणि ऐकू येते तीच. पानाची भाषा मराठी असल्याची खूण कोडमध्ये नसेल, तर वाचणारा आवाज भलत्याच भाषेचा लागू शकतो. काही फॉन्टमध्ये तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की उकार आणि रफार कापले जातात, ते वेगळंच.

कोपऱ्यात एक आयकॉन लावून 'वेबसाइट झटपट सुलभ करा' अशी महिन्याच्या भाड्याची सोय विकायला कुणी आलं, तर पैसे घालवू नका असंच आम्ही सांगू. खालचा कोड चुकीचा असेल तर आयकॉनने तो सुधारत नाही.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे आणि सुलभतेच्या नियमांतून त्याने खासगी सेवा वगळलेल्या नाहीत. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. तो खटला ई-केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याचा होता. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असं सांगितलं जातं, ते ज्यांना शक्यच नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न होता.

वेबसाइट हातात देण्याआधी आम्ही ती नुसत्या कीबोर्डवर, एनव्हीडीए लावून, अँड्रॉइड फोनमधल्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर आणि अक्षरं 200 टक्के मोठी करून तपासतो. जुनी वेबसाइट असेल तरी घेऊन या. शनिवारी दुपारी आलात तर तुमच्यासमोरच टॉकबॅक लावून ती ऐकवू.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तरी चालेल. आणि प्रत्येक फोटोसोबत त्यात काय आहे ते एका ओळीत लिहा. 'फोटो 3' नको. 'मालवणी मसाला, 250 ग्रॅमचं पाकीट' असं.