परिस्थितिजन्य पुरावा (मालमत्तेच्या नुकसानीच्या फौजदारी अपिलांत)

आग लावताना किंवा तोडफोड करताना कुणी बघितलेलंच नसतं, तेव्हा आजूबाजूच्या गोष्टी एकमेकींना जोडून गुन्हा सिद्ध करतात तो परिस्थितिजन्य पुरावा. नुकसान करण्याच्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या मराठी प्रतीत 'आगळीक' म्हणतात (कलम 425), पेपरात सीमेवरच्या कुरापतीला हा शब्द वापरतात ते वेगळं. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 324 लागतं, आगीला 326.

अशा पुराव्यावर शिक्षा द्यायची तर गोष्टींची साखळी पूर्ण हवी आणि आरोपी निर्दोष असण्याची शक्यता उरायला नको, ही कसोटी. तिचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. बरेच जण 1838 च्या इंग्लंडमधल्या हॉज खटल्यापासून धरतात, तिथे न्यायाधीश अल्डरसननी ज्युरीला बजावलं होतं की माणसाच्या मनाला तुटक गोष्टी ओढूनताणून जुळवायची आवड असते. पण ती मुळात ज्युरीला दिलेली ताकीद, आणि खुद्द तिकडे हाऊस ऑफ लॉर्ड्सनी (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) 1973 मध्ये मॅक्ग्रीव्ही खटल्यात अशी खास सूचना द्यायची सक्ती नाही म्हणून सांगून टाकलं. त्यामुळे आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा 1952 चा हनुमंत नरगुंदकर निकाल हेच मूळ धरणं जास्त बरं, त्यात अल्डरसनचा हा इशारा घेतलाय. शिवाय ती केस खुनाची नव्हतीच, बनावट पत्राची होती, म्हणजे ही कसोटी फक्त खुनाला असं कुणी म्हणत असेल तर ते टिकत नाही. पुढे 1984 मध्ये शरद बिरधीचंद सारडा खटल्यात पाच तत्त्वं मांडली गेली, वकील त्यांना 'पंचशील' म्हणतात. 'केलं असेल' आणि 'केलंच असणार' यातला फरक त्याआधी 1973 च्या शिवाजी बोबडे निकालात आलाय.

आगीच्या केसमध्ये गोम अशी की पुरावाच जळून जातो. कडब्याची गंजी रात्री पेटली, बांधावरून भांडण होतं, सकाळी आरोपीच्या घरातून रॉकेलचा डबा जप्त. आता डबा तर कुणाच्याही घरात असतो, आणि गंजीवरून विजेची तार गेलेली असेल तर आग लावली का लागली हाच पहिला प्रश्न, पण खालच्या कोर्टात बऱ्याचदा सगळी चर्चा 'कुणी लावली' यावरच होते. राखेचा नमुना कधी घेतला, सील कधी लावलं, लॅबला कधी गेलं, अपिलात वकील हेच पंचनाम्यातून काढतो. भांडण तर दुधारी, आग लावायलाही कारण आणि खोटं गुंतवायलाही. आरोपीनं डबा 'काढून दिला' तरी पुलुकुरी कोटय्या (1947) निकालाप्रमाणे पोलिसांपुढच्या कबुलीतला वस्तू सापडण्यापुरताच भाग चालतो, 'यातलंच रॉकेल ओतलं' हे वाक्य गळतं.

श्वानपथकाचा माग एकट्यानं पुरत नाही. अब्दुल रझाक दफेदार वि. महाराष्ट्र ही रेल्वेगाडी रुळावरून घसरवल्याची केस होती, त्यात कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही हा आक्षेप सुप्रीम कोर्टानी नोंदवलाय.

अपिलात सगळा पुरावा नव्यानं तपासता येतो, रिव्हिजनमध्ये (खालच्या निकालात कायद्याची चूक झाली का एवढंच बघणं) सहसा नाही. जुन्या कलम 435 ची केस (शेतमाल जाळला तर नुकसान अवघं 10 रुपये असलं तरी पुरे) प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटकडे चालायची, शिक्षा झाली की अपील सेशन्सला आणि त्यानंतर हायकोर्टात फक्त रिव्हिजन, 436 म्हणजे घर जाळणं मात्र सेशन्सकडून थेट हायकोर्टात. सुटकेविरुद्धच्या अपिलात दोन मतं शक्य असली तर सुटका कायम ठेवतात (चंद्रप्पा, 2007).

गाडीच्या काचा फोडण्यासारख्या किरकोळ केसेस वर फारशा जात नाहीत, त्यामुळे छापील निकालसंग्रहांत त्या विरळाच. तिथे आता सीसीटीव्ही येतो, पण त्यात माणूस नुसता गल्लीतून जाताना दिसत असेल तर ती साखळीतली एकच कडी, आणि फुटेजची कॉपी दिली तर ती कुठून, कशी काढली याचं सर्टिफिकेट सोबत लागतंच (अर्जुन पंडितराव खोतकर, 2020).