धोत्र्याचा लष्करी चुलतभाऊ

धोत्र्याचं बी पोटात गेलेला पेशंट ओळखायला गावाकडच्या डॉक्टरला फार वेळ लागत नाही. तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, अंग तापलेलं आणि गडी रिकाम्या हवेतून काहीतरी वेचत बसलेला. घरच्यांना वाटतं, बाहेरचं लागलं. लागलेलं असतं ते अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन. लाळ सुटणं, आतडी हलणं, बाहुली आकसणं, शिवाय मेंदूत आठवण आणि भान टिकवणं, या सगळ्या कामांचा निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. धोत्र्यातली द्रव्यं त्याच्या जागा अडवून बसतात. निरोप येतो, पण दार बंद!

1951 मध्ये हॉफमन-ला रोश ही स्विस औषधकंपनी पोटाच्या दुखण्यांवर औषध शोधत होती. ही दारं अडवली की पोटातले पेटके आणि आम्ल कमी होतं, म्हणून तशी संयुगं बनवणं चाललं होतं. त्यातलं एक भलतंच जोरकस निघालं. साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं, शरीरात गेलं की माणूस तीन-चार दिवस भ्रमात. औषध म्हणून बाद. पण अमेरिकन लष्कराचे कान टवकारले. त्यांनी त्याला नाव दिलं बीझेड.

मेरीलँडमधल्या एजवूड आर्सेनल या लष्कराच्या रासायनिक शस्त्रांच्या केंद्रात 1955 ते 1975 या काळात सुमारे 7,000 सैनिकांवर वेगवेगळ्या रसायनांचे प्रयोग झाले. कागदोपत्री सगळे स्वयंसेवक, पण काय देणार आहेत हे त्यांना धड सांगितलेलं नसे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स केचम यांनी बीझेडसाठी भिंतींना गाद्या लावलेल्या खोल्या करून घेतल्या. आत सैनिक नसलेली सिगारेट ओढत, नसलेल्या माणसाशी बोलत. उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन देत. ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेतून मिळतं आणि अ‍ॅसिटिलकोलिनचं विघटन रोखून निरोप्यांची गर्दी वाढवतं. एका वनस्पतीच्या विषावर दुसरीचं विष.

पुढे बीझेडचे बॉम्बही तयार झाले. पण शस्त्र म्हणून ते पांगळंच. धुराचा पांढरा लोट लांबून दिसतो, साधा मास्क तो अडवतो आणि परिणाम सुरू व्हायला तास-दोन तास सहज जातात. तेवढा वेळ शत्रूच्या हातात बंदूक असतेच. नंतर ती भ्रमिष्टाच्या हातात असते, हे तर आणखी वाईट. 1988 ते 1990 मध्ये अमेरिकेने साठा नष्ट केला.

भास निर्माण करणाऱ्या एलएसडी या दुसऱ्या रसायनाची कथा जास्त गाजली, कारण तिच्यात सीआयए ही अमेरिकन गुप्तहेर संस्था आहे. मनावर ताबा मिळवायचं औषध शोधायला तिने 1953 मध्ये सुरू केलेल्या एमके-अल्ट्रा प्रकल्पाचे प्रमुख सिडनी गॉटलीब स्वतः केमिस्ट. त्यांच्या माणसांनी फ्रँक ओल्सन या लष्करी शास्त्रज्ञाच्या पेयात न सांगता एलएसडी घातलं. नऊ दिवसांनी ओल्सन न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खिडकीतून पडून मेले. 1973 मध्ये प्रकल्पाच्या बहुतेक फायली नष्ट करण्यात आल्या. तसं औषध मात्र सापडलं नाही. ब्रिटनच्या पोर्टन डाऊन या लष्करी रसायनांच्या प्रयोगशाळेने 1964 मध्ये मरीन सैनिकांच्या एका तुकडीला एलएसडी देऊन सरावाला पाठवलं. त्याची फिल्म आहे: एक जवान पक्ष्यांना खायला घालायला झाडावर चढलाय आणि कमांडर हसून हसून लोळतोय.

हसू थांबतं ते मॉस्कोला. ऑक्टोबर 2002 मध्ये चेचेन बंडखोरांनी ओलीस धरलेल्या प्रेक्षकांच्या थिएटरमध्ये रशियन दलांनी गुंगीचा वायू सोडला. ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञ एकेका पेशंटचा श्वास मोजत भूल देतो. इथे हॉलभर माणसं. कुणी वायूच्या झोताजवळ, कुणी लांब, कुणी लहान मूल. सगळ्यांना एकच मात्रा कशी बसणार? सुमारे 130 ओलीस दगावले, बहुतेक जण वायूनेच. बेशुद्ध माणसं उताणी पडली, जीभ घशात गेली. वायू कोणता, हे बाहेरच्या डॉक्टरांना वेळेत सांगितलंच नाही. वाचलेल्या ब्रिटिश ओलिसांचे कपडे आणि लघवी तपासून त्यात कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल ही अफूसारखं काम करणारी, फार जोरकस द्रव्यं असल्याचं 2012 मध्ये जाहीर झालं. तपासणी केली होती पोर्टन डाऊननेच.