आई-बाबांची गाणी मुलांच्या मनात कशी रुजतात

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रूमहान्सल यांचा एक प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या 62 मुलामुलींना त्यांनी 1955 ते 2009 या काळातली, दरवर्षीची सर्वांत गाजलेली दोन-दोन गाणी ऐकवली. गाणं ओळखीचं आहे का? आवडतं का? त्याच्याशी एखादी आठवण निगडित आहे का? आणि ती कुणासोबतची, एकट्याची, मित्रांसोबतची की आई-वडिलांसोबतची?

स्वतःच्या काळातली गाणी सर्वांत जवळची वाटणार, हे उघडच होतं. पण मागे जाताना आलेख नुसता उतरत गेला नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुन्हा वर चढला. त्या वेळी ही मुलं जन्मलीही नव्हती. विशीत होते ते त्यांचे आई-वडील! 1960च्या दशकाशी आणखी एक उंचवटा दिसला. तो कदाचित आजी-आजोबांकडून आला असेल किंवा त्या दशकातलं संगीतच तेवढं सरस असेल. संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या.

आपल्याकडे याचं नवल वाटू नये. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं 1955-56मध्ये, पण सत्तरच्या दशकात जन्मलेल्या कितीतरी लोकांना त्यातल्या ओळी पाठ आहेत. कुणी बसवून शिकवल्या नव्हत्या. घरात रेडिओ नाहीतर कॅसेट लागायची, आणि मागून आईही गुणगुणायची.

तरुणपणीचीच गाणी इतकी का चिकटतात? साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त येतात, हे मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. आवडतं गाणं ऐकून अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, हे माँट्रियलच्या संशोधकांनी 2011मध्ये दाखवलं. पण ही झाली आपली गोष्ट. ते गाणं मुलापर्यंत पोहोचतं कसं, हा माझ्या मते जास्त सुंदर प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर हार्वर्डच्या 2016च्या प्रयोगात मिळतं. पाच महिन्यांच्या बाळांना त्यांच्या आई किंवा बाबांनी घरी एक नवं गाणं आठवडा-दोन आठवडे गाऊन दाखवलं. मग प्रयोगशाळेत बाळाला पडद्यावर दोन अनोळखी माणसं दिसली. एकानं तेच गाणं म्हटलं; दुसऱ्याचे शब्द तेच, चाल वेगळी. नंतर दोघंही गप्प राहून नुसती हसत बघत होती. बाळं जास्त वेळ बघत राहिली ती घरची चाल गाणाऱ्याकडे. तीच चाल दुसऱ्या बाळांना खेळण्यातून ऐकवली होती. त्यांना ती लक्षात राहिली, पण गाणाऱ्याबद्दल अशी ओढ दिसली नाही. चाल तीच असूनही ती कुणाच्या तोंडून आली, याला एवढं मोल आहे. म्हणून आपला गळा बरा नाही, अशा संकोचानं गप्प राहणाऱ्या पालकांचं मला फार वाईट वाटतं.

वयाचाही संबंध आहे. आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशातल्या संगीतात विषम मात्रांचे ताल असतात, आपल्या सात मात्रांच्या रूपक तालासारखे. त्यातली चूक सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना कळते, वर्षाच्या बाळांना कळेनाशी होते. पण दोन आठवडे तसं संगीत घरात वाजवलं, तर ती जाण परत येते. मोठ्यांच्या बाबतीत मात्र तेवढं ऐकणं पुरत नाही.

म्हणजे मूल मोठं झालं की वेळ गेली? मुळीच नाही. ॲरिझोना विद्यापीठातल्या 2018च्या अभ्यासात तरुणांना विचारलं होतं, आई-वडिलांसोबत गाणी ऐकणं, मैफलीला जाणं, वाजवणं किती झालं? ज्यांचं जास्त झालं होतं, त्यांचं पालकांशी नातंही जास्त जवळचं निघालं. अशा अभ्यासातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, नातं मुळात चांगलं असेल तर गाणीही एकत्र ऐकली जातात. पण हा संबंध सर्वांत ठळक दिसला तो लहानपणीच्या नव्हे, तर किशोरवयातल्या सोबतीच्या बाबतीत, म्हणजे मुलं कानात हेडफोन घालून आपल्या खोलीत बसतात त्याच वयात.