पुनर्वसन विभाग आणि शुश्रूषा केंद्र: खाटा सारख्या, दिवस वेगळा

पक्षाघात, मेरुरज्जूची इजा, डोक्याला लागलेला मार, खुब्याचं मोडलेलं हाड. अशा दुखण्यांत एक दिवस असा येतो की जिवावरचा धोका टळलेला असतो आणि डॉक्टर डिस्चार्जचं बोलू लागतात, पण माणूस अजून आपला आपण कुशीवरही वळू शकत नसतो. घरी न्यायचं तर कसं? मग घरच्यांच्या कानावर दोन पर्याय पडतात. पुनर्वसन विभागात दाखल करा, किंवा काही दिवस शुश्रूषा केंद्रात ठेवा. दोन्हीकडे खाटा असतात, नर्स असतात, फिजिओथेरपिस्टही येतो. त्यामुळे पुष्कळांना दोन्ही एकच वाटतं आणि जिथे खाट रिकामी असेल तिथे पेशंट जातो. बरं होण्याचे सगळ्यात मोलाचे आठवडे अशा घाईत हातचे जातात, म्हणून हा फरक आधीच समजून घ्यायला हवा.

शुश्रूषा केंद्रात रुग्णाची काळजी घेतली जाते. पुनर्वसन विभागात रुग्णाकडून काम करून घेतलं जातं. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

पुनर्वसन विभागातला पहिला दिवस तपासण्यांत जातो, पण त्या रक्ताच्या किंवा स्कॅनच्या नसतात. माणूस खाटेवरून खुर्चीत कसा येतो, दात घासताना कुठे अडतो, सांगितलेलं लक्षात ठेवू शकतो का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे एकेक जण येऊन पाहतो. फिजिओथेरपिस्ट उठणं, तोल आणि चालणं बघतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट कपडे, अंघोळ, जेवण, संडास ही रोजची कामं बघतो. स्पीच थेरपिस्टकडे बोलण्याइतकंच गिळणंही असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. पक्षाघातानंतर अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं, कधी कधी ठसकाही न लागता, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची चाचणी होईपर्यंत घरच्यांनी प्रेमानं घोटभर पाणीसुद्धा पाजू नये. या सगळ्यांच्या वर पुनर्वसनशास्त्राचे डॉक्टर असतात. स्नायूंचा ताठरपणा, वेदना, रक्तदाब, लघवीचे प्रश्न ते सांभाळतात आणि सगळ्या थेरपिस्टांच्या कामाचा मेळ घालतात.

दुसऱ्या दिवसापासून हातात वेळापत्रक येतं. किती थेरपी, याची मोजपट्टी बऱ्यापैकी ठरलेली आहे. अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना अशा विभागांसाठी साधारणपणे दिवसाला ३ तास, आठवड्यातले ५ दिवस धरते. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं पक्षाघाताच्या पुनर्वसनाबद्दल २०२३ साली दिलेल्या शिफारशीतही किमान तेवढेच तास आणि तेवढेच दिवस आहेत. हे तीन तास सलग नसतात, मध्ये विश्रांती असते. तरी पहिल्या आठवड्यात माणूस थकून जातो, दुपारी गाढ झोपतो, कधी रडतो, ‘मला घरी न्या’ म्हणतो. मेंदूला इजा झाल्यावरचा थकवा साध्या दमण्यापेक्षा फार वेगळा असतो. त्याला आळस म्हणणं हा रुग्णावर अन्याय आहे. पक्षाघात झालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुढे कधी ना कधी नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून मन उतरलेलं दिसलं तर ‘होईल सवय’ म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना सांगावं.

घरच्यांना सगळ्यात जास्त खटकते ती इथल्या नर्सची वागणूक. सदऱ्याची बटणं लावायला रुग्णाला वीस मिनिटं लागताहेत आणि नर्स शेजारी उभी राहून नुसती बघते आहे. हे पाहून जीव तुटतो. पण तीही थेरपीच आहे. लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना धडधाकट हात आधी मोकळा करायचा, हे नर्स शिकवते आणि मग हात मागे घेते. रुग्ण दिवसा गाऊनमध्ये नसतो. तो रोजच्या कपड्यांत आणि मागून बंद असलेल्या, न घसरणाऱ्या बुटांत असतो. म्हणून दाखल होताना सैल कपडे, असे बूट, चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी आठवणीनं न्यावी. चष्मा घरी राहिला तर तोल सावरण्याचा सराव अर्धाच होतो. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नका. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, ओढल्यानं सांधा निसटतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतो.

शुश्रूषा केंद्रातला दिवस संथ असतो. तिथे औषधं वेळेवर मिळतात, जखमेचं ड्रेसिंग होतं, नळीतून अन्न दिलं जातं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर काही तासांनी कूस बदलली जाते. फिजिओथेरपी असते, पण थोडा वेळ आणि बहुतेक वेळा रोज नाही. डॉक्टरांची फेरी रोज होईलच असं नाही. कपडे घालायला मदत लागली तर मदतनीस घालून देतात, कारण त्यांच्याकडे वीस मिनिटं थांबायला वेळ नसतो आणि ते त्यांचं मुख्य कामही नसतं.

यावरून पुनर्वसन विभाग चांगला आणि शुश्रूषा केंद्र कमी प्रतीचं, असं कुणी समजू नये. खुब्याच्या किंवा पायाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जननी ‘सहा आठवडे पायावर भार नको’ असं बजावलं असेल, तर चालण्याचा जोरदार सराव करायचा कसा? अशा रुग्णानं ते आठवडे शुश्रूषा केंद्रात जखम आणि ताकद सांभाळत काढावेत आणि भार टाकायची परवानगी मिळाली की पुनर्वसनाला जावं, हे कितीतरी शहाणपणाचं. हृदय फार कमकुवत असेल, ताप किंवा संसर्ग आटोक्यात नसेल, किंवा सांगितलेलं काहीच समजत नसेल, तरी तेच. ‘जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं’ हा समजही तपासून पाहिला गेला आहे. २०१५ साली ‘अवर्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत पाच देशांतले दोन हजारांहून अधिक पक्षाघाताचे रुग्ण होते. पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि भरपूर हालचाल सुरू केलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा कमी निघालं. म्हणून आधी तब्येत स्थिर व्हावी लागते, मग मेहनत.

मला जास्त काळजी वाटते ती उलट चुकीची. जो रुग्ण रोज तीन तास मेहनत करू शकला असता, तो ‘अजून अशक्त आहे, जरा ताकद येऊ द्या’ म्हणून खाटेवर राहतो. खाटेवर ताकद येत नाही. पडून राहिल्यानं स्नायू वाळतात आणि सांधे आखडतात. पक्षाघातात सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीनेक महिन्यांत पडतो. नंतरही सुधारणा होते, पण तिचा वेग मंदावतो.

पुनर्वसन विभागात मुदतही ठरवून दिलेली असते. दर आठवड्याला सगळी टीम बसते, ठरवलेली उद्दिष्टं कुठवर आली ते पाहते आणि डिस्चार्जची तारीख पुढे-मागे करते. प्रगती गुणांत मांडली जाते. बार्थेल निर्देशांक ही १९६५ साली प्रसिद्ध झालेली मोजपट्टी आजही वापरात आहे. जेवण, अंघोळ, जिना अशा दहा कामांना मिळून ० ते १०० गुण. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ‘४० वरून ६५ वर आले’ हे ऐकून पुढचं नीट ठरवता येतं, म्हणून घरच्यांनी हे गुण मागून घ्यावेत. मुक्काम साधारण काही आठवड्यांचा असतो, मेरुरज्जूच्या मोठ्या इजेत काही महिन्यांचा. शेवटच्या टप्प्यात घरच्या माणसालाही शिकवणी असते: खाटेवरून व्हीलचेअरवर कसं घ्यायचं, गाडीत कसं बसवायचं, संडासात आधाराचा दांडा कुठे लावायचा, दाराची रुंदी मोजून आणायची. ही शिकवणी चुकवू नये. घरी पहिल्याच रात्री रुग्णाला संडासला न्यायची वेळ येते आणि तेव्हा हाताशी नर्स नसते.

पाटीवर ‘रिहॅब’ लिहिलेलं असलं म्हणून आत तेच चालतं असं नाही. दाखल करण्याआधी जाऊन विचारा: रुग्णाला रोज किती तास थेरपी मिळेल, रविवारी काय असतं, पुनर्वसनाचे डॉक्टर आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष तपासतात, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्ट इथलेच आहेत की बाहेरून बोलावतात, टीमची बैठक कधी होते आणि त्यात काय ठरलं ते आम्हाला कोण सांगेल. नेमकी उत्तरं मिळाली तर तो पुनर्वसन विभाग. ‘सगळं होतं, काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं तर ते बहुधा शुश्रूषा केंद्र आहे, आणि मग ते तसंच समजून निवडावं.

एकदा निवडलं म्हणजे कायमचं, असंही नाही. शुश्रूषा केंद्रात असलेला रुग्ण खुर्चीत तास-दीड तास बसू लागला, सांगितलेलं करू लागला, जखमा भरत आल्या, की पुनर्वसनतज्ज्ञांकडून नव्यानं तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा ती कुणी आपणहून सुचवत नाही, घरच्यांनाच मागावी लागते.