स्पेक्युलेटिव्ह डिझाइन

आजच्या ग्राहकासाठी वस्तू घडविण्याऐवजी, उद्या अस्तित्वात येऊ शकेल अशा एखाद्या समाजातील वस्तू, सेवा किंवा जागा कल्पून ती प्रत्यक्ष हाताळता येईल अशा रूपात मांडणारी डिझाइनची शाखा. भाकीत करणे हा तिचा हेतू नसतो. असे भविष्य आपल्याला चालेल का, याची चर्चा ती घडवून आणते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन आणि फिओना रेबी यांनी १९९० च्या दशकात ‘क्रिटिकल डिझाइन’ (रूढ गृहीतकांना प्रश्न विचारणारे डिझाइन) या नावाने मांडलेल्या भूमिकेतून ही शाखा वाढली, आणि त्यांच्या २०१३ मधील ‘स्पेक्युलेटिव्ह एव्हरीथिंग’ या ग्रंथामुळे तिचे नाव जगभरच्या डिझाइन महाविद्यालयांत पोहोचले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या अनब जैन यांच्या ‘सुपरफ्लक्स’ या स्टुडिओने २०१७ मध्ये बार्सिलोनातील प्रदर्शनासाठी २०५० सालचे लंडनमधील घर उभारले; अन्नटंचाईला तोंड देणारे कुटुंब घरातच भाजी कशी पिकवील, हे त्यात दाखविले होते.

पुण्यात विमाननगरची सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, लोणी काळभोरची एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन अशा संस्थांमधून डिझाइनचे शिक्षण दिले जाते. अशा अभ्यासासाठी येथील विद्यार्थ्याला विषय शोधत लांब जावे लागत नाही, कारण पाण्याचा प्रश्न त्याच्या दारात आहे: खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांच्या भरवशावर असलेल्या या शहराने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर अनुभवला, आणि आजही पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की मुठा नदीवरील भिडे पूल पाण्याखाली जातो, तर उपनगरांतील सोसायट्या टँकर मागवितात.

समजा, २०५० सालच्या गृहसंस्थेचे ‘पाणी पासबुक’ तयार करायचे ठरले. त्यात प्रत्येक कुटुंबाची शिल्लक लिटरमध्ये, गणपतीत पाहुणे येणार म्हणून घेतलेली उचल, थकबाकीवरील दंड आणि सेक्रेटरीचा किंचित तिरका शिक्का असेल. पाने चाळणारा माणूस यंत्रणेबद्दल फारसे विचारत नाही. भाडेकरूला पासबुक मिळते का, मोलकरणीने वापरलेले पाणी कोणाच्या खात्यावर पडते, असे त्याचे प्रश्न असतात. उडत्या मोटारींच्या चकचकीत चित्रांना हे सहसा साधत नाही. पर्यायी भविष्याचा धागा भूतकाळातही सापडू शकतो: अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर भुयारी नळांतून पेठांतील हौदांपर्यंत आणले जाई, आणि हौद हा सामायिक मालकीचा पाणवठा पुन्हा कल्पून पाहण्याजोगा आहे.

या शाखेवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप लुइझा प्राडो आणि पेद्रो ऑलिव्हेरा या ब्राझिलच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडला. सुखवस्तू समाजातील डिझायनर ज्या टंचाईला भयावह भविष्य म्हणून रंगवितात, ती जगातील अनेकांची रोजची स्थिती असते, असे त्यांचे म्हणणे. पुण्याला तो नेमका लागू पडतो. २०२१ मध्ये महापालिकेत २३ गावे आली. त्या भागांत टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना पाणी पासबुकात नवल वाटण्यासारखे थोडेच आहे. त्यामुळे असे नमुने महाविद्यालयाच्या प्रदर्शनापुरते न ठेवता सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत किंवा टँकर येतो त्या चौकात नेणे अधिक उपयुक्त ठरते, कारण पासबुकात कोणता रकाना राहून गेला, हे तेथील लोक लगेच सांगू शकतात.