शेकोटीला बंदी असताना कॅम्पवर स्टोव्हवरचा स्वयंपाक

आमच्या दुकानातून स्टोव्ह, गॅसचे डबे आणि पातेली भाड्याने नेणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. सॅक भरण्याआधी घरी निवांत वाचा. ग्रुपमध्ये जो रांधणार आहे त्याने तर नक्कीच वाचावं, कारण यातलं निम्मं काम घरच्या ओट्यावरच उरकायचं आहे.

बंदी कशासाठी

दिवाळी सरली की सह्याद्रीतलं गवत पिवळं पडायला लागतं. फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत डोंगरउतार इतके कोरडे असतात की एक ठिणगी पुरते. आग चढावर जास्त वेगाने धावते, कारण खालच्या ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. दुपारनंतरचा वारा असेल तर माणसाला पळून तिच्या पुढे जाता येत नाही. वणव्यात गवताबरोबर जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांची अंडी जातात, सरडे जातात, आदल्या पावसाळ्यात रुजलेली रोपं जातात. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पुढच्या पावसात वाहून जाते. वनविभागाची माणसं आणि गावकरी उन्हाळाभर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, काढतात, रात्री-अपरात्री हिरव्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात. त्यांच्या या कष्टांवर आपल्या तीन दगडांच्या चुलीने पाणी पडू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून चुलीसाठीची जाळी आणि कोळशाची बार्बेक्यू शेगडी आम्ही भाड्याने देतच नाही.

कायदाही स्पष्ट आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात जंगलाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणं किंवा तो तसाच सोडून जाणं हा गुन्हा आहे. अभयारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० तेच सांगतं. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड हा सगळा टापू १९८६ पासून अभयारण्यात आहे, हे पुष्कळांना तिथे पोचल्यावर नाक्यावरच कळतं.

स्टोव्हसुद्धा विस्तवच आहे

शेकोटीला बंदी आहे म्हणजे गॅसच्या स्टोव्हला आपोआप परवानगी आहे, असं कृपया धरून चालू नका. जाण्याआधी त्या भागातल्या वनरक्षकाला किंवा अभयारण्याच्या नाक्यावर स्पष्ट विचारा: गॅसचा स्टोव्ह चालेल का, आणि कुठे? काही ठिकाणी ठरवून दिलेल्या कॅम्पच्या जागेवर चालतो, काही ठिकाणी फक्त पायथ्याच्या गावात. ‘नाही’ म्हणाले तर नाही. अशा वेळी आगाऊ कळवलंत तर आम्ही भाडं पूर्ण परत करतो.

किल्ल्यांचा नियम आणखी वेगळा आहे. रायगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग अशी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असलेली स्मारकं आहेत. १९५९ च्या नियमांप्रमाणे, नेमून दिलेली जागा सोडून तिथे स्वयंपाक करायला आणि जेवायलाही मनाई आहे. तिथे आमचा स्टोव्ह सॅकमधून बाहेर काढू नका.

जिथे परवानगी आहे तिथेही जागा निवडताना घाई नको. सपाट कातळ सगळ्यात उत्तम. तो नसेल तर स्टोव्हभोवती हातभर लांबीपर्यंतचं गवत आणि पाचोळा हाताने पूर्ण बाजूला करा, खाली चपटा दगड ठेवा आणि पेटवण्याआधी पाच लिटरचा पाण्याचा कॅन हाताशी ठेवा. हे पाणी पिण्याच्या हिशेबात धरायचं नाही.

कोणता स्टोव्ह न्यावा

दोघातिघांसाठी डब्याच्या डोक्यावर आट्याने बसणारा छोटा बर्नर पुरतो. वजन नगण्य, पातेलं दीड-दोन लिटरचं. त्याच्यावर पाच लिटरचं पातेलं ठेवायचा मोह टाळा. बुड लहान आणि उंची जास्त असल्यामुळे ढवळताना तो कलंडतो, आणि उकळती खिचडी पायावर सांडणं ही जंगलात साधी गोष्ट नसते.

चौघांच्या पुढे असाल तर चपटी शेगडी न्या, जिच्या पोटात लांबट डबा आडवा बसतो. या डब्याच्या कडेला एक खाच असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे. तशी बसवली की आतली नळी वरचा वायू ओढते. उलटी बसली तर द्रवरूप गॅस बर्नरकडे जातो आणि ज्वाळा हातभर उसळते. शेगडीपेक्षा मोठा तवा किंवा परात ठेवू नका. तिचा तळ डब्याच्या कप्प्यावर येतो आणि खालचा डबा तापत राहतो.

स्पिरिटचा स्टोव्ह आम्ही ठेवत नाही. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत दिसत नाही, आणि विझली असं समजून वरून स्पिरिट ओतणाऱ्याचे हात भाजतात. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह आजही उत्तम चालतो, पण शहरात रॉकेलच मिळेनासं झालं आहे. बाजारात मिळणारे, घरगुती सिलिंडरमधून भरून दिलेले छोटे सिलिंडर मात्र कितीही स्वस्त पडले तरी नेऊ नका. असं भरणं बेकायदा आहे आणि त्या टाकीची, व्हॉल्व्हची तपासणी कोणी केलेली नसते.

गॅसचा हिशेब

‘किती डबे लागतील?’ हा काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो. अंदाज पाण्यावरून बांधा. वारा नसेल आणि पातेल्यावर झाकण असेल तर एक लिटर पाण्याला उकळी यायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. झाकण नसेल आणि वारा असेल तर तेवढ्याच पाण्याला दुप्पट जातो, कधी त्याहून जास्त.

सहा जणांची एक रात्र घेऊ. संध्याकाळचा चहा, रात्रीची खिचडी, सकाळचा चहा आणि उपमा, एवढं मिळून ११० ते १२० ग्रॅम. वाऱ्यासाठी त्यात ५० ग्रॅम धरा. म्हणजे २२० ग्रॅमचा एक डबा पुरतो आणि थोडा उरतो. पण डोंगरावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी उकळून प्यायचं असेल तर हिशेब पार बदलतो. सहा जणांचं १२ लिटर पाणी उकळायला एक अख्खा डबा जातो. पायथ्याच्या गावातून पिण्याचं पाणी भरून नेलंत किंवा फिल्टर नेलात तर तेवढा गॅस वाचतो.

अर्धा वापरलेला डबा नुसता हलवून त्यात किती उरलंय ते नीट कळत नाही. प्रत्येक डब्यावर आम्ही भरलेलं वजन मार्करने लिहून देतो. घरच्या वजनकाट्यावर ठेवलात की किती गेलं ते लगेच कळतं.

थंडीच्या दिवसांत आणखी एक अडचण येते. लांबट डब्यात बहुतेक करून ब्युटेन असतो आणि तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तशी पहाट असली की ज्योत मरगळते. शिवाय गॅस बाहेर पडताना डबा स्वतःच गार होत जातो, त्यामुळे हवा आठ-दहा अंशांवर असली तरी हा त्रास जाणवतो. रात्री डबा तंबूत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवा, किंवा आट्याच्या बर्नरखालचा डबा कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा. पाणी कोमटच हवं, कढत नको. हिमालयात जाणार असाल तर आधी सांगा, आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेले डबे आम्ही मागवून देतो.

वारा अडवा, डबा कोंडू नका

वारा अडवायला सॅक, दगड, पत्र्याचा पडदा काहीही चालेल, पण फक्त वाऱ्याच्या बाजूने. डब्याच्या डोक्यावरच्या बर्नरला चहूबाजूंनी पत्रा गुंडाळला तर उष्णता खाली कोंडते आणि डबा तापतो. अधूनमधून डब्याला हात लावून बघा. हाताला गरम लागला की लगेच बंद करा.

घरी काय करून न्यायचं

चुलीवर निखारे तासन्‌तास मिळतात, म्हणून तिथे भाजणं, परतणं, रटरट शिजवणं सगळं जमतं. स्टोव्हवर प्रत्येक मिनिट डब्यातून जातं. तेव्हा भाजायचं आणि परतायचं काम घरी करा, डोंगरावर फक्त आधण ठेवा.

फोडणी घरीच करून न्या. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद, हवं तर लसूण चांगला कुरकुरीत परतून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरा. एवढी एक बरणी असली की खिचडी, पिठलं, उपमा, पोहे सगळ्यांचं काम भागतं, आणि जंगलात कढत तेल हाताळावं लागत नाही. भजी आणि पुऱ्यांचा बेत आम्ही कोणालाच सुचवत नाही.

मुगाची डाळ आणि तांदूळ धुऊन रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घाला आणि बाटली सॅकमध्ये घेऊन चढा. दीड-दोन तासांत डाळ फुगते आणि शिजायचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात मात्र चार-पाच तासांच्या वर भिजू देऊ नका, आंबते. तूरडाळ नेऊच नका. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर ते ९४-९५ अंशांना उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तूर गॅस संपला तरी दाताखाली येते. मूग आणि मसूर ऐकतात.

खिचडी अशी: पाण्यात बरणीतली दोन चमचे फोडणी, मीठ, तिखट घालून झाकण ठेवा. आधण आलं की भिजलेले डाळ-तांदूळ वैरा, पुन्हा उकळी आली की आच अगदी बारीक करा. दहाएक मिनिटांत दाणा तीन चतुर्थांश शिजतो. तेव्हा गॅस बंद करा, पातेलं झाकणासकट टॉवेलात आणि वरून जाड चादरीत गुंडाळा आणि वीस मिनिटं विसरून जा. उरलेलं शिजणं आतल्या वाफेवर होतं. या गुंडाळण्यात जेवढा गॅस वाचतो तेवढा दुसऱ्या कशातच वाचत नाही.

पिठल्यासाठी बेसन घरी मंद आचेवर खमंग भाजून न्या. डोंगरावर ते गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, फोडणी-मिठाच्या आधणात धार धरून ओतायचं, ढवळायचं आणि झाकून दोन वाफा आणायच्या. पाच-सात मिनिटांचा मामला आहे. भाकरी तिथे थापू नका. कळसूबाईखालच्या बारीत, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, राजमाचीच्या उधेवाडीत घरांमधून भाकरी करून मिळते. आदल्या दिवशी फोन करून सांगा आणि योग्य दाम द्या. चुलीवरची भाकरी हवीच असेल तर ती अशा घरच्या चुलीवरची खावी, असं आमचं ठाम मत आहे. ते जमलं नाही तर घरून दशम्या न्या; दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

सकाळी उपम्याचा रवा घरून भाजून नेलेला असला की उकळत्या पाण्यात वैरून, झाकून, गॅस बंद. पाच मिनिटांत फुलतो. आणि गॅस अगदी संपत आला असेल तर दडपे पोहे करा: पातळ पोहे, बारीक कांदा, टोमॅटो, लिंबू, बरणीतली फोडणी, आणि वर ताट झाकून थोडा वेळ दडपून ठेवायचे. विस्तव लागतच नाही. ओलं खोबरं एप्रिल-मेच्या उन्हात टिकत नाही, ते वगळा.

चहाला दुधाची पावडर न्या. दूध उतू गेलं की ज्योत विझते आणि गॅस सुटतच राहतो, गप्पांच्या नादात कोणाच्या लक्षात येत नाही.

या गोष्टींवर तडजोड नाही

तंबूत आणि गुहेत स्टोव्ह पेटवू नका. पाऊस असो, थंडी असो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोप येते आहे असं वाटता वाटता माणूस बेशुद्ध होतो. तंबूच्या कापडाला आग लागली तर बाहेर पडायला काही सेकंदच मिळतात. हरिश्चंद्रगडावरच्या लेण्यांत तर धुराने आणि आगीने कोरीव दगडाचंही नुकसान होतं.

डबा बदलताना आधीची ज्योत विझलेली असावी, आसपास विडी-सिगारेट नसावी आणि जागा उघडी असावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि खोलगट जागी साचतो. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून कधीही बघू नका.

गाडीत डबे ठेवून भर उन्हात काचा लावून जाऊ नका. ५० अंशांच्या वर डबा जाता कामा नये, आणि उन्हातल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. रेल्वेत गॅसचे डबे नेणं रेल्वे अधिनियम, १९८९ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीत आणि विमानातही नेता येत नाहीत. त्यामुळे कसारा किंवा कर्जतपर्यंत लोकलने जाणाऱ्यांना आम्ही डबे देत नाही. तुमच्यापैकी कोणी स्वतःच्या गाडीने येणार असेल तरच द्यायचे, हा आमचा नियम आहे.

वाटेत कुठे वणवा दिसला तर सुरक्षित जागी जाऊन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जागा सांगताना जवळचं गाव आणि डोंगराची कोणती बाजू, एवढं तरी सांगा.

परत करताना

रिकामे डबे डोंगरावर टाकू नका, जाळू नका, ठोकून चपटे करू नका. उरलेल्या गॅसचा भडका उडू शकतो. सगळे डबे, अर्धे असोत की रिकामे, आमच्याकडे आणा. रिकाम्यांतला उरलासुरला गॅस आम्ही मोकळ्या जागेत पूर्ण सोडून देतो, मग भोक पाडून ते भंगारात देतो, आणि प्रत्येक परत आलेल्या डब्यामागे अनामतीतली रक्कम तुम्हाला मिळते. अर्ध्या डब्यावर किती वापरला ते वजन करून लिहितो, तो पुढच्या खेपेला तुमच्याच नावावर ठेवतो. बर्नरवर काही सांडलं असेल तर घासू नका, तसाच आणा. बारीक भोकं पिनेने साफ करायचं काम आमच्याकडेच ठेवा.