प्रकाशाचा चिमटा आणि झोताचा आकार

धूमकेतू सूर्याकडे येत असो की वळसा घालून परतत असो, त्याची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच पसरलेली असते. सूर्याचे किरणच तिला ढकलत असावेत, असा तर्क योहानेस केप्लर यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केला. १८७३ मध्ये मॅक्सवेल यांनी प्रकाशाच्या दाबाला गणिताचा पाया दिला. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मॉस्कोत लेबेदेव यांनी आणि अमेरिकेत निकोल्स व हल यांनी तो प्रत्यक्ष मोजला. दाब फारच क्षीण: एक वॉटचा झोत पूर्ण शोषला गेला तरी जोर भरतो जेमतेम ३.३ नॅनोन्यूटन. पण एवढाच जोर एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) मण्यावर एकवटला, तर तो मण्याच्या वजनाच्या लाखो पट होतो. तसा झोत हाती यायला १९६० साल, म्हणजे लेसर उजाडावा लागला.

अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या आर्थर ॲश्किन यांनी १९७० मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या लॅटेक्सच्या मण्यांवर लेसर सोडला. मणी झोताच्या दिशेने पुढे सरकले, हे अपेक्षितच होतं. पण झोताच्या कडेला असलेले मणी आधी मध्याकडे खेचले जात होते. या साऱ्या इतिहासात मला हे निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. पारदर्शक मणी म्हणजे चिमुकलं भिंगच. किरण त्यातून जाताना वाकतात आणि वाकताना मण्याला उलट बाजूला धक्का देतात. झोताच्या मध्याकडचे किरण जास्त प्रखर, म्हणून त्यांचा धक्का वरचढ ठरतो आणि मणी उजेडाच्या गाभ्याकडे सरकतो. कणाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, भोवतीच्या द्रवापेक्षा कमी असली, तर नेमकं उलटं घडतं. हवेचे बुडबुडे झोताबाहेर फेकले जात होते. हे बुडबुडे लक्षात ठेवावेत.

समोरासमोर दोन झोत ठेवून ॲश्किन यांनी तेव्हाच मणी अडकवून दाखवला. एकाच झोताने कण धरून ठेवणारा प्रकाशाचा चिमटा १९८६ मध्ये जमला. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून झोत इतका घट्ट केंद्रित केला, की नाभीकडची, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूकडची, ओढ पुढच्या रेट्याला पुरून उरली. पुढच्याच वर्षी विषाणू आणि जीवाणू धरले गेले. हिरव्या लेसरने जीवाणू मरत होते. अवरक्त लेसर वापरल्यावर चिमट्यात धरलेल्या पेशींची वाढ होऊन त्यांचं विभाजनही झालं. या कामाचं नोबेल ॲश्किन यांना २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी मिळालं.

या नोबेलच्या कितीतरी आधीच संशोधकांचं लक्ष झोताच्या घडणीकडे वळलं होतं. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे ॲलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्याचा तरंगाग्र (प्रकाशलहरीचा पुढचा पृष्ठभाग) मळसूत्रासारखा पिळलेला असतो, असा झोत कोनीय संवेग, म्हणजे वस्तूला फिरवू शकणारा संवेग, वाहून नेतो. हा झोत पडद्यावर पाडला, तर उजेडाचं कडं दिसतं आणि मधोमध काळोख. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये प्रकाश शोषणारे कण या काळोखात पकडले गेले आणि तिथे गरगर फिरू लागले. १९९६ मध्ये तशाच झोतात काचेचे पोकळ गोळे धरता आले. साध्या झोतातून त्या बुडबुड्यांसारखे निसटणारे हे गोळे इथे चारी बाजूंच्या उजेडाने आतच कोंडले गेले.

मग झोताला हव्या त्या आकारात घडवणारे नक्षीपट, म्हणजे होलोग्राम आले. एका झोतातून अनेक नाभी, म्हणजेच एकाच वेळी अनेक चिमटे तयार होऊ लागले. संगणकाने चालवलेले लिक्विड क्रिस्टलचे फलक आल्यावर प्रत्येक चिमटा हवा तिकडे हलवणंही शक्य झालं.

बेसेल झोताची गोष्ट याहून विलक्षण. त्यात मधे उजेडाचा बारीक गाभा आणि भोवती उजेडाची कडी असतात, आणि हा गाभा दूरवर जाऊनही फाकत नाही. वाटेत कण आला की गाभा तिथे विस्कटतो, पण भोवतालच्या कड्यांमधला प्रकाश थोडं पुढे जाऊन तो पुन्हा उभा करतो. २००२ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटाने याचाच उपयोग करून एकामागे एक ठेवलेल्या वेगवेगळ्या कुप्यांतले कण एकाच झोताने, एकाच वेळी धरून दाखवले.